टँकवाली आंटी

सूरजनं टँक आणला त्या दिवशी उत्कर्षाच्या दारात निम्मी बिल्डिंग गोळा झाली. चेन्नईहून टेंपो आला होता. आधी जाड काच उतरली, मग लोखंडी स्टँड, मग दिवे आणि पंप, आणि शेवटी दोन थर्माकोलचे खोके. ते खोके सूरजनं हमालाच्या हातात दिलेच नाहीत. स्वतः छातीशी धरून जिना चढला. "बाजूला व्हा, धक्का लागंल," असं म्हणत चढला. त्याच्या आवाजातली ती काळजी ऐकून उत्कर्षाला बरं वाटलं. ह्या माणसाला कशाची तरी इतकी काळजी वाटते, हे ती लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती.

सूरज गलाईवाला. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. आटपाडीकडची पोरं ह्या धंद्यात देशभर पांगलेली, तसा सूरजही मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर चेन्नईला गेला आणि सौकारपेठेत स्वतःचं दुकान टाकून बसला. त्याचे वडील कोंडीबा अजून मेंढरं राखत होते. उत्कर्षा रहिमतपूरची. बाप एसटीत कंडक्टर, मुलगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. गलाईवाला जावई मिळाला म्हणून बापानं गावभर पेढे वाटले होते.

लग्नानंतर ती चेन्नईला गेलीच नाही. "दुकानावर एक माळा हाय नुसता. खाली ॲसिडचा धूर. तिथं बाईमाणूस ऱ्हाईल का?" असं सूरज म्हणायचा. त्यानं सांगलीत विश्रामबागेला फ्लॅट घेतला, तिला तिथं ठेवलं, आणि तो दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येऊ लागला. मूल झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी उत्कर्षाला तपासलं, काही दोष नाही म्हणाल्या, आता मिस्टरांना घेऊन या म्हणाल्या. मिस्टर दर खेपेला तपासणीच्या आदल्या दिवशी चेन्नईची गाडी धरायचे.

सासूसासऱ्यांचं तिनंच बघितलं. सुलाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला झालं, तेव्हा डोळ्यात थेंब तिनं घातले. कोंडीबांचे गुडघे धरले की ते एसटीनं थेट तिच्या दारात येऊन उतरायचे. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. घरात माणूस असलं की बरं असायचं.

तर टँक. त्या वेळी सूरज नेहमीपेक्षा जास्त राहिला. खाऱ्या पाण्याचा टँक नुसता भरून चालत नाही, पाणी मुरावं लागतं, म्हणून येताना त्यानं जुनं पाणी आणि जुने दगड ड्रममधून आणले होते. सगळं लागल्यावर त्यानं खोके उघडले आणि एकेक कोरल आत ठेवलं. त्यातलं कुठलंच उत्कर्षानं कधी पाहिलेलं नव्हतं. एकाच्या फांद्यांना हिरवी, लांबट बोटं होती आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला हातोडीसारखा आडवा गठ्ठा. त्याला हॅमर म्हणायचं. एक लाल, वळ्यावळ्यांचं, वाळूवर पसरलेलं, मेंदूसारखं. एक तपकिरी, ज्याच्या प्रत्येक तोंडावर पांढरा ठिपका.

"हे दगड न्हाईत," सूरज म्हणाला. "जनावरं हायत. मऊ अंग वर, हाडं खाली. स्वतःची हाडं स्वतः बांधत्यात. परदेशात शेती असती ह्यांची, तिथनं आल्यात. बारक्या तोंडाची कोरलं लय नाजूक. ही मोठ्या तोंडाची. ही घास भरवून घेत्यात."

त्यानं तिला सगळं शिकवलं. गाळलेल्या पाण्यात मीठ किती मिसळायचं, ते भिंगातून कसं तपासायचं. हाडं बांधायला चुना लागतो, तेव्हा कॅल्शियम आणि अल्कलिनिटी थेंब टाकून कशी मोजायची. हे तर तिचंच काम, कॉलेजात केलेलं. पंपाचा झोत थेट अंगावर आला तर मऊ मांस स्वतःच्याच हाडावर घासून फाटतं, म्हणून पाणी नुसतं डोलवायचं. आणि त्या तपकिरीजवळ दुसरं काही ठेवायचं नाही, कारण संध्याकाळी दिवे मंद झाले की ते लांब पारदर्शक दोरे बाहेर सोडतं आणि हाताला लागेल त्या शेजाऱ्याला डसतं.

"पण मला का?" तिनं विचारलं. "तुमच्या डोळ्यासमोर ठेवायचा की."

"दुकानात जागा कुठाय? आणि तू एकटीच असतीस. तुला सोबत," तो म्हणाला.

ती त्या 'सोबत' शब्दावर कितीतरी दिवस जगली.

सांगलीत उन्हाळा म्हणजे काय हे सांगायला नको. टँकमधलं पाणी तापलं की हॅमर अंग चोरून घ्यायचं. तिनं पाण्यावर पंखे बसवून घेतले, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, स्वतः उकाड्यात राहिली. संध्याकाळी दिवे मंद केले की कोरलांची खायची तोंडं बाहेर यायची. पंप बंद करून ती लांब नळीनं कोळंबीचे बारीक तुकडे एकेका तोंडावर ठेवायची. तुकडा टेकला की बोटं सावकाश मिटायची, घास आत ओढायची. ह्याला अर्धी संध्याकाळ जायची. शेजारच्या राजवर्धनची आई म्हणायची, "वहिनी, तुम्ही समुद्र पोसलाय." कोळंबी तळायला नेताय का, असं बाजारात कुणी विचारलं की उत्कर्षा हो म्हणायची. खरं सांगितलं असतं तर हसले असते.

आणि रविवारी सूरजचा व्हिडिओ कॉल यायचा. आधी तो महिन्यातून कधी तरी फोन करायचा, पैसे पोचले का एवढं विचारून ठेवायचा. टँक आल्यापासून दर रविवारी दुपारी फोन. ती साडी बदलून बसायची. तो म्हणायचा, "टँक दाव." ती फोन काचेला लावायची.

"जवळ ने. हॅमर दाव. आणि जवळ."

मग तो प्रश्न विचारायचा. कसले कसले प्रश्न. ते झोपतं का? त्याला थंडी वाजते का? लाल मेंदूवालं आज काय जेवलं? हॅमरला नवीन बोट आलंय त्याचं नाव काय ठेवायचं? सोन्याचा कस लावावा तसे शब्द मोजून बोलणारा हा माणूस कोरलाला थंडी वाजते का म्हणून विचारायचा, आणि उत्कर्षा काचेमागं उभी राहून हसायची. तीही तसलीच उत्तरं द्यायची. आज ते रुसलंय. आज त्याला कोळंबी नको, मासा हवाय. पलीकडून थोडा वेळ काही ऐकू यायचं नाही आणि मग सूरज म्हणायचा, "बरं, त्याला सांग, रुसू नको."

एकदा तिनं मुद्दाम कॅमेरा स्वतःकडं वळवला. "मी पण आहे म्हटलं."

"हां, हां," तो म्हणाला. "टँक दाव गं. हललं सगळं."

तिनं ते मनावर घेतलं नाही. काही पुरुषांना सरळ बोलता येत नाही, आडून बोलतात, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं तर त्या रविवारांनीच ती नवऱ्याच्या प्रेमात पडली. लग्नात पडली नव्हती.

त्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि वीज गेली. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. सगळी बिऱ्हाडं नातेवाइकांकडं निघाली. रहिमतपूरहून भाऊ फोन करत होता, ये म्हणून. ती गेली नाही. इन्व्हर्टर संपल्यावर ती स्टुलावर बसली आणि मगानं टँकचं पाणी उचलून उंचावरून परत सोडू लागली, म्हणजे त्यात हवा मिसळावी. हात भरून आला की दुसऱ्या हातानं. मध्ये डुलकी लागायची आणि दचकून ती पुन्हा मग बुडवायची. वीज आली तेव्हा तिची बोटं खाऱ्या पाण्यानं सोलली होती, पण टँकमधलं एकही कोरल मेलं नव्हतं.

फोन लागल्यावर तिनं सगळं दाखवलं. सूरज म्हणाला, "लय उपकार झालं तुझं. लय म्हंजे लय."

"उपकार कसले? आपलंच आहे ना," ती म्हणाली.

पाऊस ओसरला, दसरा गेला. एका रविवारी फोन चालू असताना पलीकडं कुणी गिऱ्हाईक आलं. सूरज "थांब जरा" म्हणाला आणि फोन तिथंच कशाला तरी टेकून उठून गेला. उत्कर्षा हॅमरसमोर कॅमेरा धरून उभी होती. फोनच्या पडद्यावर एका मुलीचा चेहरा आला. सहा-सात वर्षांची असेल. केसात गजरा, कपाळावर काळी बारीक टिकली. आणि भुवया सूरजच्या. नाकापाशी जवळजवळ भिडणाऱ्या, कोंडीबांच्याही तशाच होत्या.

"आंटी, खाली घे की," मुलगी म्हणाली. "नवीन बोट दिसंना."

मराठीच बोलली, आटपाडीच्या हेलात. दुकानातल्या गलाईच्या पोरांकडून शिकली असणार. उत्कर्षाचा हात आपोआप खाली गेला. नवीन बोट दिसलं.

"तू कोण गं?"

"मी मलर. हा माझा टँक हाय."

"तुझा?"

"माझ्या खोलीत होता. मग तंबी झाला. बारका भाऊ. त्याच्या पाळण्याला जागा नव्हती म्हणून अप्पा म्हणले, गावाकडं टँकवाली आंटी हाय, ती सांभाळंल." मुलगी पडद्याजवळ आली. "तू टँकवाली आंटी ना? तू चांगलं सांभाळतीस. अप्पा रोज म्हणतात."

उत्कर्षाला पायाखालची फरशी थंड लागली, एवढं तिला नंतर आठवत होतं. तिनं फोन टाकला नाही. मुलीनं लाल मेंदूवालं बघायला मागितलं, ते तिनं दाखवलं. ते झोपलंय का, असं मुलीनं विचारलं. जागं आहे, असं ती म्हणाली. मग पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, सूरज "अगं ए" असं काहीसं बोलला आणि फोन बंद झाला.

अप्पा म्हणजे बाप, एवढं तमिळ उत्कर्षालाही कळत होतं. म्हणजे ते सगळे प्रश्न ह्या मुलीचे होते. थंडी वाजते का, झोपतं का, नाव काय ठेवायचं. ती पदर नीट करून काचेमागं उभी राहून ज्याला उत्तरं देत होती तो नुसता निरोप्या होता.

सूरजचा परत फोन आला नाही, तिनंही केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीत बसली. तासगाव गेलं, भिवघाट चढून गाडी माणदेशात उतरली. हिरवं संपलं आणि करड्या रानात मेंढरांचे कळप दिसू लागले.

कोंडीबा अंगणात एका मेंढराचा पाय मांडीत धरून खूर तासत होते. सुलाबाई दारात आल्या. "एकलीच आलीस? काय झालं?"

"आत्या, चेन्नईला ह्यांचं घर आहे. बायको आहे, दोन मुलं आहेत. तुम्हाला माहीत होतं?"

सुलाबाई नाही म्हणाल्या असत्या तर तिनं विश्वास ठेवला असता. तशी तयारीच करून ती आली होती. पण सुलाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगी चालाय लागली हुती तवा कळलं. तानाजी बोलून गेला जत्रंत." तानाजी म्हणजे सूरजचा चुलतभाऊ, त्याच्याच दुकानात काम करणारा.

"म्हणजे इतकी वर्षं. मला का सांगितलं नाही?"

"सांगून काय झालं असतं? बॅग उचलून म्हायेरला ग्येली असतीस."

"गेले असते."

"मग? माझ्या डोळ्याचं आपरेशन कुणी केलं असतं? ह्यांचं गुडघं कुणी दावलं असतं? ती मद्रासी बाई येणार हाय व्हय हितं?"

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. चारा कुठला, पाणी कुठलं, असं सांगावं तसं सांगितलं. उत्कर्षानं सासऱ्यांकडं पाहिलं. कोंडीबांनी मेंढराचा पाय सोडला, विळा पुसला.

"तुला कशाची कमी पडू दिली का त्यानं?" ते म्हणाले. "फ्लॅट हाय. पैसं येत्यात. गड्याच्या जातीला लांब ऱ्हाऊन एखांद्या वेळंला व्हतं. आता किती ताणायचं."

"च्या टाकती," सुलाबाई उठल्या. "पिऊन जा."

ती चहा न घेता परत फिरली. स्टँडवर गाडीची वाट बघताना तिला रडू आलं नाही. ह्या दोघांना तिनं आईबापासारखं केलं होतं, आणि त्यांनी तिच्याकडं कामाचा हिशेब करून पाहिलं होतं, एवढंच सारखं मनात येत राहिलं.

पुढच्या रविवारी ती तयारीत होती. फोन येणार हे तिला ठाऊक होतं. मुलगी हट्ट करणार, सूरजला करावाच लागणार. दुपारी तिनं टँकचे दिवे बंद केले, पडदे ओढले. मग काचेची नळी घेतली आणि हॅमरच्या एकेका तोंडाला टोचलं. पहिल्या टोचणीला बोटं थोडी आक्रसली. तिनं परत टोचलं. रोज ह्याच नळीतून घास यायचा, म्हणून एक-दोन तोंडं मिटायच्या आधी उलट पुढं आली. तिनं त्यांनाही टोचलं. हळूहळू सगळं हिरवं मांस आत गेलं आणि वर नुसती खडूसारखी पांढुरकी हाडं उरली. लाल मेंदूवालं टोचून टोचून चिंधीएवढं झालं. तिचा हात थांबला नाही.

फोन आला. सूरज तिच्याकडं बघत नव्हता. "उत्कर्षा, त्या दिवशी जे झालं त्याचं मी तुला सांगणार हाय. समोर बसून सांगतो. आता जरा टँक—"

तिनं कॅमेरा वळवला. अंधारं पाणी, पांढरी हाडं.

"वीज गेली होती. मी गावी होते. मेलं सगळं."

पलीकडून मुलीचा आवाज. किंचाळली नाही ती. "अप्पा, हाडं दिसायलीत," एवढंच म्हणाली आणि मग हुंदके सुरू झाले, मोठ्या माणसासारखे, दाबून दाबून येणारे. सूरज तमिळमध्ये काहीतरी समजावत होता. उत्कर्षानं ते सगळं ऐकलं. फोन त्यानंच बंद केला.

तिनं दिवे लावले. खुर्ची ओढून समोर बसली. तिला वाटलं होतं, आता बरं वाटेल. थोडं वाटलंही. मग हॅमरचं एक टोक बाहेर आलं, मग दुसरं. सगळं उमलेपर्यंत जे काही बरं वाटलं होतं ते गेलं होतं. तिनं कोळंबी चिरायला घेतली.

त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. दिवाळी जवळ आली आणि एका सकाळी सूरज दारात उभा. हातात थर्माकोलचा खोका. तो आत आला, बूट काढायला वाकला, आणि सरळ होताना त्याला टँक दिसला. दिवे चालू होते. हॅमर पूर्ण फुललं होतं, पूर्वीपेक्षा जास्तच.

खोका खाली ठेवून तो काचेपाशी गेला.

"लेकरू जेवत न्हवतं," तो म्हणाला. "तिला ताप आला. मी नवीन कोरल बघत फिरतोय, हितलं दिवं न् पंप न्यायला आलोय. आणि तू. बारक्या पोरीला असं छळत्यात व्हय?"

"पोरीनं येऊन मला सांगितलं, तुम्ही नाही."

"तिचा काय दोष हाय ह्यात?"

"काही नाही," उत्कर्षा म्हणाली. "माझा तरी काय होता?"

तो खुर्चीवर बसला. त्याची दोन्हीकडं ओढाताण झाली, असं म्हणाला. तिकडं आजारी पडला होता तेव्हा शेजारच्या घरातून जेवण यायचं, तिथून ते वाढत गेलं, असं म्हणाला. उत्कर्षाला कधी सोडायचा विचार केला नाही, असं म्हणताना त्याला आपण काहीतरी मोठं बोललो असं वाटलं असावं. तो तिच्याकडं बघत थांबला. रागावून बोलायचं म्हणून तिनं गेले कित्येक दिवस जे जे जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच तोंडात येईना.

"हॅमर नेतो," तो उठला. "तिच्यासाठी बारका टँक घेतलाय. बांधून दे."

"मी नाही बांधणार."

"मग मी काढतो."

त्यानं शर्टाची बाही वर केली आणि हात आत घातला. हॅमरनं बुडाशी दगड घट्ट धरला होता. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर मागितला, तो तिनं दिला. घाव बसला तशी सगळी बोटं आत गेली. एक फांदी मोडून वाळूत पडली. त्यानं कोरल बाहेर काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत उभं ठेवलं, वर जेमतेम बुडेल एवढं पाणी घातलं. उत्कर्षा बघत होती. हॅमर असं नेत नाहीत. ते थर्माकोलच्या तुकड्याला अडकवून उलटं, डोकं खाली करून तरंगत न्यायचं, म्हणजे मऊ अंग पाण्यात लोंबतं आणि हाडावर घासत नाही. पाणी भरपूर लागतं. हे सूरजनंच तिला सांगितलं होतं, पण आता त्याला ते आठवत नव्हतं, किंवा घाई होती.

"नवीन टँकमधलं पाणी मुरलंय का?" तिनं विचारलं. "कधी भरलं?"

"परवा."

"अहो, मग—"

"तू आता काय शिकवू नको," तो म्हणाला. "झालं तेवढं लय झालं."

मग ती गप्प बसली. ती पुढं आयुष्यभर स्वतःला सांगत राहिली की त्यानंच तिला गप्प केलं. ते खरं होतं. पण तिला गप्प बसायला सोपं गेलं, हेही खरं होतं. तो खोका उचलून जिना उतरला, आणि ह्या वेळी कुणाला बाजूला व्हा म्हणाला नाही.

आठवडा झाला असेल. दुपारी अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. मलर होती.

"आंटी, हे बघ." तिनं कॅमेरा वळवला. लहानशा टँकमध्ये हॅमर तिरकं पडलं होतं. अर्ध्या फांद्यांवर तपकिरी, जेलीसारखा चिकट थर. "ह्या येळी खरंच मेलंय का?"

उत्कर्षानं फोन डोळ्यांजवळ नेऊन एकेक फांदी बघितली. "अर्धं मेलंय. अर्धं अजून आहे."

"मागच्या येळी खोटं का बोललीस?"

"चुकलं माझं." मग तिनं घाईनं सांगायला सुरुवात केली. "नीट ऐक. मोठ्या माणसाला बोलव. चिकट आहे त्या फांद्या कटरनं खालून कापून टाकायच्या, हाडापासून. चांगल्या दोन फांद्या दिसतायत डावीकडच्या, त्या वेगळ्या करून दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवायच्या. आजच्या आज. नाहीतर तेही जाईल. आई आहे का जवळ?"

मुलीनं हाक मारली. कडेवर बाळ घेतलेली एक बाई पडद्यावर आली. सावळी, दमलेल्या डोळ्यांची, उत्कर्षाच्याच वयाची. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, कुठली फांदी, कुठून कापायची, हिंदीत दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आप इनकी भाभी हैं ना? इन्होंने बताया था. बड़े भाई गुजर गए, आप अकेली हैं, इसलिए टँक आपको दिया."

म्हणजे चेन्नईच्या घरात ती विधवा होती. गळ्यातलं मंगळसूत्र कॅमेऱ्यात दिसत असणारच, पण त्या बाईला त्याचा अर्थ लागला नसेल, किंवा लावून घ्यायचा नसेल.

मुलगी तिथंच उभी होती. उत्कर्षाला हो म्हणता आलं असतं. सगळ्यांनीच हो म्हणून निभावलं होतं, सुलाबाईंनी, कोंडीबांनी, तानाजीनं.

"मलर को थोड़ा बाहर भेजिए," ती म्हणाली.

मुलगी गेल्यावर ती म्हणाली, "सूरज का कोई भाई नहीं है. मैं उनकी बीवी हूँ."

बाळ तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घालत होतं, ती तिनं काढून घेतली. "कितने साल?" तिनं विचारलं. उत्कर्षानं लग्नाचं वर्ष सांगितलं. बाई मनात काहीतरी मोजत होती. मोजून झालं तेव्हा तिचा चेहरा बदलला, कारण ते वर्ष तिच्या वर्षाच्या आधीचं होतं. तिनं फोन ठेवला.

ह्यातून कुणाचं भलं झालं असं नाही. त्या बाईनं सूरजला घराबाहेर काढलं नाही, दोन पोरं घेऊन ती जाणार कुठं. सूरजचे फोन येत राहिले, उत्कर्षानं उचलले नाहीत. सुलाबाईंनी तानाजीच्या हाती निरोप धाडला, माझ्या लेकाचं घर मोडलंस म्हणून. कुठलं घर, असं तिनं तानाजीला विचारलं. तो मान खाली घालून गेला. रहिमतपूरला ती गेली, तर भाऊ म्हणाला, "राहा की, तुझंच घर आहे," आणि संध्याकाळी वहिनीनं ते बोलणं स्वयंपाकघरात दुरुस्त केलं. ती सांगलीला परत आली. हळदीच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला काम मिळालं. वकिलानं खटला लांबेल म्हणून सांगितलं, आणि तो लांबलाच.

टँकमधली राहिलेली कोरलं कोल्हापूरचा एक हौशी माणूस घेऊन गेला. ती तिनं स्वतः बांधून दिली, भरपूर पाण्यात, नीट. त्याला ते बघून आश्चर्य वाटलं, कुठं शिकलात म्हणाला. घरातच, असं ती म्हणाली.

मलरचा फोन मात्र परत आला नाही. तो नंबर उत्कर्षानं ठेवला होता, एकदोनदा लावलाही, लागत नव्हता. सांगितलेल्या दोन फांद्या त्यांनी कापून वेगळ्या केल्या की नाही, त्या जगल्या का, हे तिला कधी कळलं नाही, आणि विचारायला आता कुणी नव्हतं.